‘काकांचं कामात मन नाही’ म्हणण्याआधी

पत्र

ताई, मी पिथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात डिस्पॅच सांभाळते. वय 36, हाताखाली सात माणसं. त्यातले एक 52 वर्षांचे, आमच्याच इंदूरच्या राजेंद्रनगरातले. लहानपणापासून मी त्यांना काका म्हणते. काकू माझ्या आईबरोबर भजनी मंडळात असतात. काका आधी बरीच वर्षं प्रेस शॉपला होते, मग स्टोअरला. स्टोअरला त्यांचं फार नाव होतं. दीड वर्षापूर्वी नवीन सॉफ्टवेअर आलं, स्टोअरची माणसं कमी केली आणि काकांना माझ्याकडे पाठवलं. तेव्हापासून त्यांचं कामात मनच नाही. उत्साह नाही, जबाबदारी घ्यायला नको, मीटिंगमध्ये गप्प बसतात. मागच्या महिन्यात तीन ई-वे बिलांत (मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायच्या बिलांत) गाडीचा नंबर चुकला, त्यातली पुण्याला निघालेली एक गाडी धुळ्याच्या अलीकडे अडवली.

मी सगळं करून पाहिलं. गोड बोलले, चारचौघांत कौतुक केलं, ‘महिन्याचा मानकरी’ बक्षीस सुरू केलं, प्रेरणादायी भाषणं देणारे एक सर बोलावले. आता त्यांचं प्रत्येक बिल मी स्वतः तपासते आणि दोन मोठ्या पार्ट्या (गिऱ्हाइकं) काढून टीममधल्या दुसऱ्या मुलाला दिल्यात. तरी फरक नाही. प्लांट हेड म्हणतात, ‘क्रिकेट प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांसारखं कडक व्हा, महिनाभरात सुधारले नाहीत तर काढायला नाव द्या.’ काकांना मोटिव्हेट कसं करू? आणि नाव द्यायची वेळ आलीच तर काकूंसमोर कुठल्या तोंडानं जाऊ?

डिस्पॅचवाली, राजेंद्रनगर

उत्तर

नमस्कार. तुमच्या पत्रावर मी पेन्सिलीनं खुणा करत गेले. काकांच्या मनाविषयी चार खुणा झाल्या: मन नाही, उत्साह नाही, जबाबदारी नको, गप्प बसतात. कामाविषयी एकच झाली, गाडीच्या नंबरची. मन काही तुम्हाला दिसत नाही, ते तुम्ही चुकांवरून ताडलंय. नंबर मात्र कागदावर आहे. तेव्हा आधी नंबराचं बघू, मनाचं मागाहून.

ती तीन बिलं काढा. खरा नंबर आणि चुकलेला नंबर एकाखाली एक लिहा. आकड्यांची उलटापालट झाली असेल, 4718 चं 4781 झालं असेल, तर घाई तरी आहे किंवा चष्म्याचा नंबर तरी वाढलाय. अक्षर चुकलं असेल, ‘एचएफ’चं ‘एचएस’ झालं असेल, तर नंबर काकांपर्यंत पोचतो कसा ते बघावं लागेल. पर्सोनेल खात्यात नोकरी करताना (त्याला तेव्हा एचआर म्हणत नसत) मी जे डिस्पॅच पाहिले, त्यांतल्या बहुतेकांचा रिवाज असा होता: ट्रान्सपोर्टवाला सकाळी एक गाडी सांगतो. ती येत नाही. संध्याकाळी पाचला दुसरीच गाडी गेटवर लागते. गार्ड आत फोन करून नंबर सांगतो, मागे फोर्कलिफ्टचा भोंगा, ड्रायव्हरचं ‘जल्दी करो भैया’, आणि आपला माणूस जे ऐकू आलं ते एखाद्या जुन्या बिल्टीच्या पाठीवर टिपून घेतो. त्या टिपणावरून पार्ट बी, म्हणजे ई-वे बिलातला गाडीच्या नंबरचा भाग, भरला जातो. तुमच्याकडे असंच चालत असेल तर तीन चुकांत नवल नाही, तीनच कशा झाल्या याचं नवल आहे.

आता दुसरी गोष्ट. काका बरीच वर्षं प्रेस शॉपला होते हे तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण माझी पेन्सिल तिथेच अडली. प्रेसच्या दणदणाटात वर्षं काढलेल्या माणसाचे कान हळूहळू जातात. हा बहिरेपणा कायद्याच्या लेखीसुद्धा कारखान्याचा आजार आहे. तो सगळे आवाज सारखे नेत नाही, आधी वरच्या पट्टीतले नेतो. समोरच्याचं बोलणं ऐकू येतं, पण ‘स’, ‘फ’ असली अक्षरं निसटतात, गोंगाटात आणि फोनवर तर फारच. असा माणूस मीटिंगमध्ये गप्प बसतो, कारण प्रश्न अर्धाच कळलेला असतो आणि ‘काय म्हणालात?’ असं परत परत विचारायची लाज वाटते. मी डॉक्टर नाही आणि काकांना पाहिलेलंही नाही. असं असेलच असं म्हणत नाही. पण कानांची तपासणी एका दुपारचं काम आहे. कारखान्यात वार्षिक आरोग्य तपासणी होत असेल तर त्यांचे मागचे कागद वैद्यकीय खोलीत असतील. ते काकांना सांगून, त्यांच्यासमोर काढा. त्यांच्या पाठीमागे नको.

कानांचं काहीही निघो, एक बदल उद्याच करा. गार्डनं फोनवर नंबर सांगायचा नाही, नंबर प्लेटचा फोटो काढून पाठवायचा. खर्च शून्य. आणि हा नियम सातही जणांना लावा, एकट्या काकांना नाही.

चुकीची किंमतही एकदा नीट मोजा, कारण तुमच्या पत्रात सगळ्या चुका एकाच वजनाच्या वाटतात. ई-वे बिलात गाडीच्या नंबरातली एक-दोन अक्षरं किंवा आकडे चुकले, तर 2018 सालच्या परिपत्रकानुसार दंड केंद्राचा 500 आणि राज्याचा 500, असा हजार रुपयांचा आहे. पूर्ण वेगळीच गाडी निघाली तर प्रकरण भलतीकडे जातं, माल अडतो, मोठा दंड बसतो. अडवलेली तुमची गाडी पहिल्या प्रकारातली की दुसऱ्या? प्लांट हेडच्या कानावर ती कोणत्या शब्दांत गेली? आणि गाडी निघाल्यावर चूक लक्षात आली तर पार्ट बी ऑनलाइन बदलता येतो. तसा बदलायचा अधिकार काकांना आहे का, की तो तुमच्याच लॉगिनला आहे? अधिकार नसेल तर चूक लक्षात येऊनही ते हातावर हात ठेवून बसणार, आणि तुम्हाला वाटणार की जबाबदारी घ्यायला नको.

इथवर मनाचा विषयच आला नाही. आता येतो.

1998 साली मॅन्झोनी आणि बार्सू या व्यवस्थापनाच्या दोन प्राध्यापकांनी साहेब आणि हाताखालचा माणूस यांच्यातल्या एका चक्राचं वर्णन केलं. एखाद्या माणसाकडून दोन-चार चुका होतात किंवा साहेबाचा तसा समज होतो. साहेब त्याच्यावर जास्त लक्ष ठेवू लागतो, प्रत्येक गोष्ट आपल्याला दाखवून मगच करायला सांगतो, महत्त्वाची कामं काढून घेतो. साहेबाच्या मते तो मदत करत असतो. माणसाला कळतं की आपल्यावरचा भरवसा गेला. तो स्वतःचं डोकं चालवणं थांबवतो, विचारल्याशिवाय हलत नाही, समोर यायचं टाळतो. ते बघून साहेबाची खात्री पटते: बघा, मी म्हणत होतो. पेच आणखी आवळतो. यातली वाईट गोष्ट अशी की हे बहुतेक वेळा चांगल्या हेतूनं सुरू होतं. तुमच्याही.

तुमच्या पत्रात या पेचाच्या दोन्ही कड्या आहेत. तुम्ही प्रत्येक बिल तपासता. मग काकांनी ते का तपासावं? मॅडम बघणारच आहेत. वर तुम्ही मीटिंगमध्ये असलात की बिल टेबलावर पडून राहतं आणि गाडी गेटवर. तो उशीर काकांच्या नावावर चढतो. आणि ज्या दोन मोठ्या पार्ट्या काढून घेतल्या, तेव्हा त्यांना काय सांगितलंत? पत्रात तसं काही नाही, म्हणजे बहुधा काहीच सांगितलं नाही. स्टोअरमधून उचललं तेव्हाही कोणी समोर बसवून बोललं असेल असं मला वाटत नाही. ज्या माणसाच्या डोक्यात कुठल्या रॅकवर कुठला भाग आहे याचा नकाशा होता, त्याला एका सॉफ्टवेअरनं निकामी ठरवलं आणि दीड वर्षानं त्याच्याकडून उत्साहाची अपेक्षा चाललीय.

बक्षिसाविषयी थोडक्यात. महिन्याचा मानकरी कोण ठरतो? माझा अंदाज, आलटूनपालटून तीच दोन पोरं. उरलेल्या पाचांसाठी ती टाळ्या वाजवायची ड्यूटी आहे. भाषण देणाऱ्या सरांबद्दल मी काही लिहीत नाही. दुपारच्या जेवणानंतर एसी हॉलमध्ये दोन तास बसायला मिळतं, हाही कामगारांच्या दृष्टीनं फायदाच.

चारचौघांतल्या कौतुकानं मात्र तुम्ही नकळत नुकसान केलं असेल. क्लूगर आणि डीनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये कामाविषयीच्या शेऱ्यांवरचे, म्हणजे तुम्ही ज्याला फीडबॅक म्हणता त्यावरचे, जुने प्रयोग एकत्र करून तपासले. सरासरीनं फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी शेऱ्यानंतर काम उलट बिघडलं होतं. त्यांचं म्हणणं असं की शेरा माणसाचं लक्ष कामावरून उडवून त्याच्या स्वतःवर, आपली किंमत काय यावर नेऊ लागला, की तो बाधतो. बावन्न वर्षांच्या माणसाला, त्याच्या मुलाच्या वयाच्या पोरांसमोर, एक बिल बरोबर भरल्याबद्दल ‘वा काका, शाब्बास’ म्हटलं, तर त्याला काय ऐकू येत असेल? कान कितीही चांगले असोत.

‘काका’ म्हणण्याविषयी आता. तुम्हाला कोणीतरी सल्ला देईल की ऑफिसात नातं बाजूला ठेवा, आडनावापुढे ‘जी’ लावा. मला ते पटत नाही. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून तुम्ही दोघं एकाच स्टॉपवर उतरणार, गणपतीच्या आरतीला एका रांगेत उभे राहणार. ‘काका’ म्हणायचं सोडलंत तर त्यांना तो दुरावा कुठल्याही मेमोपेक्षा जास्त लागेल. काकाच म्हणा. गडबड संबोधनात नाही, त्याच्या आडोशाला तुम्ही जे बोलायचं टाळता त्यात आहे. ‘काका, जरा बघा ना’ एवढंच तुम्ही त्यांना म्हणत असणार. यातून कोणाला काय कळणार? आणि स्पष्ट बोलणं सगळं प्लांट हेडच्या केबिनमध्ये. म्हणजे गोड ते तोंडावर आणि खरं ते पाठीमागे. वडीलधाऱ्याचा मान राखणं याला म्हणत नाहीत.

तेव्हा बसून बोला. बसमध्ये नको, कॉलनीत नको, तुमच्या काचेच्या केबिनमध्ये तर मुळीच नको, तिथे बाहेरून सहा जण तोंडं वाचत असतात. शांत जागा शोधा, त्यांच्या समोर बसा, तोंड त्यांना दिसेल असं. आणि साधारण असं बोला: ‘काका, मागच्या महिन्यात तीन बिलांत गाडीचा नंबर चुकला. ही ती बिलं. नंबर गेटवरून फोननं येतो, त्यात गडबड होते असं मला वाटतं, म्हणून आता फोटो मागवणार आहोत. तुमच्या पार्ट्या मी काढल्या तेव्हा तुमच्याशी बोलायला हवं होतं, बोलले नाही. प्लांट हेडनी तुमचं नाव घेतलंय, हे तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून सांगते. आता मला सांगा, तुमचं काम कुठे अडतं?’

आणि मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. मिनिटभर शांतता झाली की आपल्याला काहीतरी बोलून ती भरायची खोड असते. भरू नका. ‘सगळं ठीक आहे’ असं पहिलं उत्तर येईल, ते ऐकून घ्या आणि विचारा, ‘मी उद्या तुमच्या शेजारी बसू का, तीन ते सहा?’ बसाल तेव्हा तोंडानं नव्हे, डोळ्यांनी काम करा. हात कुठे थांबतो ते बघा. स्क्रीनवरची अक्षरं वाचायला मान पुढे जाते का? एकाच रकान्यात ते परत परत मागे जातात का? कोणाला विचारावं म्हणून मान वर होते आणि परत खाली जाते का? तीन तासांत तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही सरांच्या भाषणात नाही.

त्यानंतर एक पार्टी परत द्या. दोन्ही नकोत, एकच, पण पूर्ण. ऑर्डरपासून माल पोचल्याच्या पावतीपर्यंत, पार्ट बीच्या दुरुस्तीच्या अधिकारासकट. त्या पार्टीचं बिल तुम्ही आधी तपासायचं नाही. आठवड्याच्या शेवटी पंधरा मिनिटं बसून दोनच आकडे बघायचे: किती बिलं दुरुस्त करावी लागली आणि किती गाड्या ठरल्या वेळेनंतर गेटबाहेर पडल्या. ‘मन लावून काम करा’ या सांगण्यावर कोणाचं काम सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही. ‘पुण्याची गाडी साडेसहाच्या आत, नंबर फोटोवरून ताडून’ हे सांगणं कळतं, आणि झालं की नाही हेही दोघांना कळतं.

ज्या मुलाकडून पार्टी काढाल त्यालाही आधी बोलवा. त्यानं वाकून काम केलंय, काही न सांगता काढलीत तर पुढचं पत्र त्याच्याबद्दल येईल.

तुमच्या प्लांट हेडनी पंडितांचं नाव घेतलंय. आपल्या भागात हे नाव आता प्रत्येक कडक साहेबाच्या तोंडी असतं. 1999 मध्ये बेंगळुरूला मध्य प्रदेशचा कर्णधार म्हणून रणजीचा अंतिम सामना हरलेला माणूस जून 2022 मध्ये त्याच मैदानावर प्रशिक्षक म्हणून उतरतो आणि मुंबईला हरवून मध्य प्रदेशला पहिली रणजी जिंकून देतो (इंदूरच्या जुन्या होळकर संघाच्या चार वेगळ्या धरून), म्हटल्यावर नाव घेतलं जाणारच. पण कडकपणा आठवणाऱ्यांना बाकीचं आठवत नाही. ती शिस्त अख्ख्या संघाला होती, खराब फॉर्मातल्या एकट्यादुकट्याला गाठून लावलेली नव्हती. आणि त्या अंतिम सामन्यात 122 धावा करणारा आपल्या इंदूरचा रजत पाटीदार त्याच वर्षीच्या आयपीएल लिलावात विकलाच गेला नव्हता. एका जखमी खेळाडूच्या जागी बेंगळुरूच्या संघाकडून बोलावणं आलं, बाद फेरीच्या सामन्यात त्यानं नाबाद 112 केल्या, आणि 2025 मध्ये त्याच संघाचा कर्णधार म्हणून आयपीएल जिंकली. लिलावात बसलेल्या शहाण्यांनाही तेव्हा त्याची किंमत शून्य वाटली होती. प्लांट हेडना क्रिकेट आवडत असेल तर हे जरूर सांगा.

आता कटू भाग. हे सगळं करून, कान-डोळे तपासून, फोटोची पद्धत लावून, एक पार्टी पूर्ण सोपवून, सहा आठवड्यांनी आकडे तसेच राहिले तर? तर डिस्पॅच हे त्यांचं काम नाही हे मान्य करा. तेव्हाही नाव द्यायच्या आधी बदलीचा प्रश्न विचारा. स्टोअरमध्ये भौतिक साठा मोजणीला, परत आलेल्या मालाच्या तपासणीला, माल डोळ्यांनी ओळखणारा माणूस लागतोच, सॉफ्टवेअर कितीही नवं असो. आणि असाही माणूस असतो ज्याला जमतं, कळतं, सगळं दिलेलं असतं, तरी करायचं नसतं. तो निघाला तर बाकीच्या सहा जणांच्या दृष्टीनं तुम्ही ठाम राहणंच योग्य, ते त्याचं काम ओढत असतात आणि बोलत नाहीत. काका तसे असतील असं पत्रावरून मला वाटत नाही. दीड वर्षापूर्वीपर्यंत ज्याचं नाव होतं, त्याला अचानक आळस चढत नाही.

काकूंचं विचारलंत. भजनाच्या दिवशी काकूंकडे चुकूनही हा विषय काढू नका, आईकडूनही नको. कारखान्यातलं काय सांगायचं आणि काय नाही, हा काकांचा हक्क. त्यांनी घरी काही सांगितलं नसेल तर तुमच्या एका सहानुभूतीच्या वाक्यानं त्यांच्या घरात जे होईल ते तुम्हाला निस्तरता येणार नाही. काकांना जे कळायचं ते आधी तुमच्या तोंडून कळलं असेल, तर काकूंसमोर तोंड लपवायचं कारण उरत नाही.

प्लांट हेडच्या महिन्याचं तेवढं आधी बघा. तोंडी दिलेला महिना तोंडीच संपतो, आणि कोणत्या तारखेला संपला हेही तेच ठरवतात. सोमवारच्या मीटिंगआधी त्यांना मेल टाका. त्यात काकांच्या स्वभावाबद्दल एक शब्द नको. तीन चुकलेले नंबर, गेटवरून फोननं नंबर घ्यायची आतापर्यंतची पद्धत, फोटोची नवी पद्धत, दर आठवड्याला बघायचे दोन आकडे, आणि सहा आठवड्यांनंतरची एक तारीख. मेलची प्रत एचआरला ठेवा.